बूड तेच, हात नवा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर बिडाचा एक ठोकळा असतो. तळहातावर मावेल एवढा, वजनाला किलोभर. त्याच्या चार बाजू ओतकामातून आल्या तशाच खरबरीत आहेत. समोरासमोरच्या दोन मात्र यंत्रावर कापलेल्या आहेत. एका बाजूवर बारीक समांतर रेघा आहेत, नांगरलेल्या रानात तासं दिसतात तशा. नख रेघेच्या दिशेनं ओढलं तर कुठे अडत नाही, आडवं ओढलं की खर्रकन् आवाज येतो. दुसऱ्या बाजूवर सरळ रेघ एकही नाही. तिथे कंस आहेत, एकामागून एक सरकत गेलेले. ठोकळा उजेडात तिरका धरला की त्या कंसांना छेदणारे आणखी कंस दिसतात, उलट्या वळणाचे आणि फार पुसट.

दोन्ही बाजू एकाच यंत्रावर कापल्या आहेत. पहिली कापली तेव्हा ते यंत्र प्लॅनर होतं, दुसरी कापली तेव्हा मिलिंग मशीन. मधे तीन वर्षं गेली. कवितेचं रसग्रहण करताना आपण एकेका शब्दापाशी थांबतो, तो तिथे का आला आणि त्याच्या जागी दुसरा का चालला नसता हे पाहतो. या यंत्राकडे मला तसंच पाहायचं आहे, कारण त्याच्या जुन्या आणि नव्या भागांचा एकमेकांशी असलेला संबंध एखाद्या चांगल्या रचनेसारखा घट्ट आहे.

यंत्र आहे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या कॅसलमेन गावाबाहेर, एका पत्र्याच्या शेडमध्ये. मेलबर्नपासून हे गाव सुमारे १२० किलोमीटर. १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. सोन्यामागोमाग यंत्रं आली आणि यंत्रांमागोमाग ती दुरुस्त करणारे हात. १८७५ मध्ये गावात थॉम्पसन्स फाउंड्री सुरू झाली. तिथे पंप झाले, खाणींची यंत्रसामग्री झाली, रेल्वेचं सामान झालं. अशा गावात शेडमध्ये जुना प्लॅनर सापडावा याचं नवल नाही. शेडचे मालक निवृत्त टूलमेकर आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना मी इथे मिस्त्री म्हणतो. आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, हातात कसब असलेल्या माणसाला हाच मान आहे. म्हादबा मेस्त्रींचं नाव तिथे अजून आदरानं घेतात.

प्लॅनर म्हणजे लोखंडाचा रंधा. फरक इतकाच की सुताराच्या रंध्यात लाकूड थांबतं आणि पातं चालतं, इथे टूल थांबतं आणि कामच चालतं. खाली लांबलचक बिडाचं बेड, त्यात दोन व्ही आकाराच्या खाचा. त्या खाचांत बसून टेबल पुढेमागे धावतं. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर आडवी क्रॉस रेल, रेलवर टूल. टेबल एकदा पुढे गेलं की एक रेघ कापली जाते. ते मागे येताना टूल बिजागरीवर किंचित उचललं जातं, म्हणजे कापलेल्या भागावर घासत नाही. मग टूल केसभर बाजूला सरकतं आणि पुढची रेघ. मिस्त्रींच्या यंत्राचं टेबल चार फुटी, बेड आठ फुटी. नावाची पाटी कधीच गेलेली. पण नटबोल्टचे आटे ५५ अंशांच्या व्हिटवर्थ पद्धतीचे आहेत. अमेरिकन यंत्र असतं तर आटे ६० अंशांचे निघाले असते. म्हणजे ते इंग्लंडहून जहाजानं आलं, नाहीतर इथेच इंग्लिश मापात घडलं.

पहिला प्लॅनर कुणी केला यावर इंग्लंडात बरेच दावे आहेत. आज डोळ्यांनी पाहता येईल असा एक फार जुना प्लॅनर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १८१७ मध्ये मँचेस्टरला केलेला. त्याच्या अंगावर छिन्नीच्या आणि कानशीच्या खुणा दिसतात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरच विचार करत होतो. सपाट कापणारं यंत्र अजून नव्हतं, मग या यंत्राचं स्वतःचं बेड सपाट कुणी केलं? हातानं. छिन्नीनं टवके काढून, कानशीनं घासून, पुन्हा पट्टी लावून पाहत. एकदा ते जमलं की पुढच्या प्लॅनरचं बेड त्यावर कापता आलं, लेथचं बेड कापता आलं आणि पुढे मिलिंग मशीनचंही. लंडनच्या जोसेफ क्लेमंटकडे मोठा प्लॅनर होता तेव्हा लोक आपली कामं त्याच्याकडे नेत आणि चौरस फुटाला १८ शिलिंग मोजत. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग करणारा कारागीर तो हाच. सपाटपणा ही तेव्हा विकत घ्यायची, महाग वस्तू होती.

मिलिंगची जात वेगळी. तिथे अनेक दातांचा कटर गरगर फिरतो आणि काम त्याच्याखालून हळूहळू सरकतं. ही पद्धत वाढली बंदुकीच्या कारखान्यांत, कारण एकाच मापाचे हजारो भाग लागत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोला १९१२ मध्ये सरकारी बंदूक कारखाना सुरू झाला तो अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या यंत्रांवर. प्लॅनरचा परतीचा फेरा रिकामा जातो, मिलिंगचा कटर सतत कापत राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅनर मागे पडले आणि बहुतेक मोडीत गेले. बीड वितळवलं की पुन्हा वापरता येतं, त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक नेहमीच होतं.

मोडीच्या भावात घेतलेल्या या प्लॅनरवर मिस्त्रींनी मिलिंगचं डोकं बसवलं. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण आधी त्या डोक्याकडेच पाहतो. दुसऱ्या एका भंगारात निघालेल्या मिलिंग मशीनचं, कटर फिरवणारं स्पिंडल, त्यावर मोटर, हिरवा ताजा रंग. मीही पहिल्यांदा तेच पाहिलं. मला वाटतं या कामाचा गाभा तिथे नाही. डोकं बसवायला त्यांना पंधरा दिवस लागले. बेडला तीन हिवाळे लागले.

बेडची झीज हे त्या यंत्राचं चरित्र असतं. माझे वडील, आप्पा, मेलबर्नला आमच्याकडे आले होते तेव्हा मी त्यांना शेडमध्ये नेलं. आप्पांनी उद्यमनगरात बावीस वर्षं प्लॅनर चालवला. टेबल क्रेननं उचलून बाजूला ठेवलेलं होतं, व्ही उघड्या पडल्या होत्या. आप्पांनी चष्मा पुसला, बेडच्या एका टोकाला उभे राहिले आणि अनामिका खाचेतून शेवटपर्यंत नेली.

"मधीच घासलंय बघ," ते म्हणाले. "बारकी कामं जास्त झाल्यात हेच्यावर. टोकं कोरी हाईत."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मिस्त्रींनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. दर चार इंचाला पाणसळ ठेवून त्यांनी मापं घेतली होती. मधल्या अडीच-तीन फुटांत बेड सहा शतांश मिलिमीटर खाली गेलं होतं. टेबल चार फुटी असलं तरी त्यावर बहुतेक वेळा फूट-दीड फुटाचीच कामं झाली होती, म्हणून टेबल मधल्याच पट्ट्यात वर्षानुवर्षं धावत राहिलं. सहा शतांश म्हणजे साधारण एका केसाची जाडी. आप्पांच्या बोटाला ती लागली होती.

या झिजलेल्या बेडवर नुसतं नवं डोकं बसवलं असतं तर काय झालं असतं? कटर कितीही चांगला असो, टेबल ज्या वाटेनं जाईल तीच वाट कामावर उतरणार. वाट मधे दबलेली असेल तर काम मधे फुगलेलं निघणार. म्हणून आधी वाट सरळ करायची. ती त्यांनी हातानं केली, स्क्रेपर नावाच्या चपट्या, धारदार अवजारानं. बिडाच्या सरळ पट्टीला निळा रंग अगदी पातळ लावायचा, पट्टी खाचेत हलकेच सरकवायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उठतो. तेवढाच ठिपका खरवडायचा. एका फटक्यात मिलिमीटरचे काही सहस्रांश निघतात. पुन्हा निळं, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवड. सुरुवातीला ठिपके दूरदूर उठतात. महिन्यांनी ते दाटू लागतात, भाताच्या खाचरात रोप धरावं तसे.

पण ती पट्टी सरळ आहे हे कशावरून? हा प्रश्न मला या सगळ्या विद्येतला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या विद्वत्सभेत त्याचं उत्तर मांडलं: दोन नव्हे, तीन पाट घ्या. दोनच पाट एकमेकांवर घासून जुळवले तर एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असूनही ते चपखल बसतील, खोट लपून राहील. तिसरा पाट दोघांशीही जुळलाच पाहिजे अशी अट घातली की फुगीर आणि खोलगट यांना जागाच उरत नाही. तिघं एकमेकांशी जुळले तर तिघंही सपाटच असणार. कुठलंही माप बाहेरून आणावं लागत नाही. आटे ठरवून देणारे व्हिटवर्थ ते हेच, आणि तरुणपणी त्यांनी क्लेमंटच्याच कारखान्यात काम केलं होतं.

तीन हिवाळे लागले याला ऑस्ट्रेलियाचं ऊनही कारण आहे. जानेवारीत त्या शेडचा पत्रा असा तापतो की हात लावता येत नाही. बीड दर अंशाला मीटरमागे मिलिमीटरच्या साधारण एक शतांशानं वाढतं. सगळं बेड सारखंच तापलं तर चिंता नाही. पण वरचं अंग खालच्यापेक्षा एका अंशानं जरी गरम झालं, तरी सव्वा-दीड फूट उंचीचं आठ फुटी बेड मधे सुमारे दोन शतांश कमान घेतं. जी झीज काढायची तिचा एक तृतीयांश भाग नुसत्या उन्हानं उभा राहतो! म्हणून मिस्त्री जून ते ऑगस्ट, तिथल्या थंडीत, पहाटे मापं घेत. सूर्य पत्र्यावर आला की पट्टी कपाटात. दिवसा फक्त खरवडणं, तेही पहाटेच्या ठिपक्यांवर. मेलबर्नहून पहाटे निघून मी दोनदा तिथे पोचलो आहे. शेडमध्ये एक दिवा, तोंडातून वाफ आणि तो कोरडा आवाज, खर्र, थांब, खर्र. १८१७ च्या बेडवर ज्या हातांच्या खुणा आहेत त्यांचा हा थेट वंश आहे असं मला तिथे उभं राहून मनापासून वाटलं.

आता बदलांकडे येतो. इथे एक शब्द बदलला की अख्खी ओळ पुन्हा बसवावी लागते.

प्लॅनरचं टेबल बिडावर मिनिटाला दहाएक मीटर धावतं. मिलिंगच्या कटरखाली ते मिनिटाला १५० मिलिमीटर सरकायला हवं. जवळजवळ सत्तर पट सावकाश. जुने पट्टे आणि पुल्या काढून मिस्त्रींनी मोटरला वेग कमीजास्त करणारं विजेचं उपकरण लावलं आणि तिच्यापुढे वर्म गिअर. टेबलाखालचा दातेरी रॅक मात्र मूळचाच ठेवला. इथे अडचण आली. प्लॅनरमध्ये टूलचा जोर नेहमी एकाच दिशेनं, टेबलाच्या चालीविरुद्ध असतो, त्यामुळे रॅकच्या दातांतला थोडा सैलपणा कुणाला जाणवतही नाही. फिरता कटर मात्र टेबलाला कधी ढकलतो, कधी ओढतो. त्यानं ओढलं की टेबल त्या सैल जागेतून पुढे उडी मारतं, कटरचा दात अडकतो आणि तुटतो. बरेच जण अशा वेळी रॅक काढून महागडा बॉल स्क्रू बसवतात.

मिस्त्रींनी टेबलाच्या टोकाला तारेचा दोर बांधला, बेडच्या शेवटी तो कप्पीवरून खाली सोडला आणि त्याला शिशानं भरलेला डबा टांगला. एवढंच. डबा टेबलाला सतत एकाच बाजूला ओढत राहतो, त्यामुळे दात नेहमी एकाच अंगानं टेकलेले राहतात. टेबल इकडे जावो की तिकडे, सैलपणा कधी उघडाच पडत नाही. वर्म गिअर उलटा फिरत नाही, म्हणून वजन टेबलाला पळवून नेऊ शकत नाही. कटरचा ओढा डब्याच्या वजनाच्या आत ठेवायचा, हा एक नियम पाळला की झालं. मी पाहिलं आणि मला आजोळची मोट आठवली. तोच नाडा, तेच चाक, तेच खाली जाणारं वजन. हिरव्या रंगाच्या डोक्यापेक्षा हा डबा मला कितीतरी मोठा वाटतो. ज्याला यंत्रातला जोर कुठून कुठे वाहतो हे डोळे मिटून दिसतं त्यालाच तो सुचेल.

दुसरी जागा टेबलाच्या बैठकीची. प्लॅनरचं टेबल बेडला कशानंही बांधलेलं नसतं. ते व्हीमध्ये निव्वळ स्वतःच्या वजनानं बसतं. बाजूनं जोर आला तर ते व्हीच्या उतारावर चढू पाहतं आणि उतार ४५ अंशांचा असेल तर बाजूचा जोर वजनाइतका झाला की घसरून वर येतं. आडव्या आर्बरवरचा, म्हणजे आडव्या दांड्यावरचा, कटर नेहमीच्या फिरण्यात काम वर उचलतो, म्हणून तो इथे चालत नाही. मिस्त्रींनी स्पिंडल उभं ठेवलं, चेहऱ्यानं, म्हणजे खालच्या तोंडानं, कापणारा कटर घेतला, काप उथळ ठेवला. टेबल दाबून धरणाऱ्या पट्ट्या त्यांनी बसवल्या नाहीत, कारण त्यासाठी बेडला भोकं पाडावी लागली असती. या सगळ्या फेरबदलात जुन्या बिडात एकही नवं भोक नाही. डोकं धरणारी जाड प्लेट मूळच्याच बोल्टांवर बसली आहे. काढलेला टूलबॉक्स, म्हणजे टूल धरणारा भाग, तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून, त्याच्या बोल्टांसकट, फळीवर ठेवला आहे. उद्या कुणाला पुन्हा प्लॅनर हवा झाला तर एका दिवसात होईल.

तिसरी जागा छोटी आहे, पण मी तिथे दर वेळी थांबतो. टेबलाच्या कडेला पूर्वी दोन बिडाचे ठोके होते. टेबल ठरल्या जागी पोचलं की ठोका दांडीला धडकायचा, दांडी पट्टा सरकवायची आणि टेबल उलट फिरायचं. पट्टे गेले, पण ठोके आणि दांडी जागच्या जागी आहेत. आता दांडी विजेचं बटण दाबते आणि टेबल थांबतं. पूर्वी ठोक्याचा अर्थ 'फिर' असा होता, आता 'थांब' असा आहे. दांडीच्या मुठीवर कितीतरी हातांनी घासून आलेली झिलई तशीच आहे.

खोट नाही असं नाही. स्पिंडलचं डोकं क्रॉस रेलपासून जवळजवळ फूटभर पुढे लोंबतं. रुंद कटर लावला की ते थरथरतं आणि कामावर शहारे उठतात. जुना टूलबॉक्स रेलला बिलगून बसायचा, त्याच्यासमोर हे डोकं परकं वाटतं. लहान, आखूड डोकं मिळेपर्यंत थांबायला हवं होतं असं माझं मत आहे आणि मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दीड इंचाहून रुंद काप न घेता काम चालवलं.

जुनी यंत्रं न बदलता जपलेली जागाही मी दोनदा पाहिली आहे: सिडनीच्या बंदरातलं कोकाटू बेट. तिथली फिट्झरॉय गोदी १८४७ ते १८५७ या काळात कैद्यांनी खडक फोडून बांधली. दुसऱ्या महायुद्धात तिथे अरुंटा आणि वॉरामुंगा या विनाशिका तयार झाल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदी बंद पडली आणि २०१० मध्ये बेट जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या उंच शेडमध्ये अजस्र यंत्रं उभी आहेत आणि त्यांना तसंच ठेवायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथून बाहेर पडताना मात्र हाताला काहीतरी चुकल्यासारखं झालं. व्हीमध्ये तेल नव्हतं. तेलाविना व्ही म्हणजे पाण्याविना पाट. मिस्त्रींच्या बेडमध्ये तेलाच्या खळग्यांतले छोटे रोलर अजून फिरतात, टेबल वरून गेलं की व्हीच्या दोन्ही उतारांना तेल लावतात, आणि खिडकीतून ऊन आलं की ती ओल चमकते.

डोकं बसवल्यावर शेवटचं काम स्पिंडल टेबलाशी गुण्यात आणायचं होतं. चेहऱ्यानं कापणारा कटर फिरतो तेव्हा त्याची पुढची कड कापते आणि मागची कड नुकत्याच कापलेल्या जागेवरून परत जाते. स्पिंडल एका बाजूला कणभर झुकलं असेल तर मागची कड अधांतरी जाते आणि पृष्ठभागावर एकाच वळणाचे कंस उमटतात. दुसऱ्या बाजूला झुकलं तर मागचीच कड खोल ओरखडते. ते बरोबर उभं असेल, आणि टेबलाची वाटही सरळ असेल, तरच मागची कड पृष्ठभागाला हलकेच शिवून जाते आणि उलट्या वळणाचे पुसट कंस पहिल्या कंसांवर उमटतात. मिस्त्रींनी डायल लावून दोन दिवस स्पिंडल जुळवलं.

मग त्यांनी तीन वर्षांपूर्वी एका बाजूनं रंधलेला ठोकळा कपाटातून काढला, उलटा करून टेबलावर बांधला आणि मोटर सुरू केली. टेबल गोगलगायीच्या चालीनं निघालं. डबा तसाच सावकाश वर चढू लागला. बिडाचा करडा कीस पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा टपटपत राहिला. कोल्हापुरात तेव्हा दुपार होती. मी फोन यंत्रासमोर धरला होता आणि पलीकडून आप्पा पाहत होते, एक शब्द न बोलता. ठोकळा कटरखालून पूर्ण बाहेर आला, मिस्त्रींनी तो सोडवला, कापडानं पुसला आणि माझ्या हातात दिला. तो अजून कोमट होता.

"उलटे कंस उठल्यात का बघ," आप्पा म्हणाले.

मी ठोकळा खिडकीकडे नेऊन तिरका धरला. उठले होते.